जुन्या गाडीला मोठा टर्बो? आधी गाडी तपासा

मे महिन्याच्या सुट्टीत मी आपाकडे श्रीवर्धनला गेले होते. दुपारचे जेवण झाले आणि माझा भाचा मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसला. "खाला, अब्बांना तुम्ही सांगा ना. तुमचं ते ऐकतात."

सांगायचे होते ते असे. घरात २०१२ ची डिझेल स्विफ्ट आहे. एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर धावलेली. दुल्हाभाई कुवेतला असतात; एका सुट्टीत आले तेव्हा त्यांनी ती घेतली होती. भाच्याचे म्हणणे, गाडीला आता पिकअप राहिलेला नाही. मुंबईच्या एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितले होते की आहे तो टर्बो काढून मोठा बसवू, इंजिनाच्या संगणकात थोडा बदल करू, गाडी नव्यापेक्षा जोरात पळेल. खर्च सत्तर हजार रुपये.

मी शाळेत भाषा शिकवते. गाडी चालवता येते, पण बॉनेट उघडले की आत काय आहे ते मला कळत नाही. तरीही मी लगेच हो म्हटले नाही, त्याला एक कारण होते. मागच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता आपाच्या सासूबाईंच्या छातीत कळा सुरू झाल्या. याच गाडीतून भाच्याने त्यांना म्हसळ्याजवळचा घोणसे घाट ओलांडून माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात पोहोचवले होते. अल्हमदुलिल्लाह, आज त्या घरात चालत्या-फिरत्या आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या किती तरी घरांत दारातली गाडी अशी अडीनडीची असते. पैसा परदेशातल्या माणसाचा, चालवणारा घरातला मुलगा आणि भरवसा सगळ्या कुटुंबाचा. तिला हात लावायचा तर विचारून लावावा, एवढेच मला वाटले.

भाच्याला म्हटले, "सत्तर हजारांचं आपण नंतर बघू. आधी आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे जाऊ. त्यांनी सांगितलं की गाडी हे झेपेल, तर मी स्वतः तुझ्या अब्बांना फोन करीन."

मी वही घेऊन गेले. तिथे दोन दिवसांत जे शिकले ते इथे लिहिते आहे. असा हट्ट आपल्यापैकी अनेकांच्या घरी कधी ना कधी होणार आहे.

टर्बो काय करतो

इंजिनात इंधन जळायला हवा लागते. जितकी जास्त हवा आत जाईल, तितके जास्त इंधन नीट जाळता येते आणि तितकी ताकद मिळते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीच घेते. टर्बो ती हवा दाबून आत भरतो. त्यासाठी लागणारी शक्ती तो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरातून घेतो. धुराच्या वाटेत एक छोटे चक्र असते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे दुसरे चक्र. धुराने पहिले फिरले की दुसरेही फिरते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आज बहुतेक सगळ्या डिझेल गाड्यांत टर्बो कंपनीकडूनच येतो.

लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरू शकतो. त्याच्या एका बाजूला सातशे-आठशे अंशांपर्यंत तापलेला धूर असतो. एवढ्या वेगात त्या दांड्याला सांभाळतो तो फक्त ऑइलचा पातळ थर. मिस्त्री म्हणाले, "बाई, टर्बो सहसा स्वतःहून मरत नाही. ऑइल त्याला मारतं. ऑइल कमी पडलं, घाण झालं किंवा उशिरा पोहोचलं की संपला."

भाच्याला जो बदल हवा होता तो काही हवेतला नव्हता. स्विफ्टचे ते १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळ फियाटचे. मारुतीने ते मानेसरला बनवले, आणि आपल्या पुण्याजवळ रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातही ते तयार होत असे. स्विफ्टमध्ये त्याला साधा टर्बो आहे आणि ताकद ७५ पीएस. एर्टिगा, एसएक्स४, सियाझ या गाड्यांत याच इंजिनाला फिरत्या पात्यांचा टर्बो होता आणि ताकद ९० पीएस. म्हणून तरुण मुले म्हणतात, त्या गाडीचा टर्बो काढून या गाडीत घालू. पण त्या गाड्यांत टर्बोसोबत त्याला चालवणारी संगणकीय यंत्रणाही वेगळी होती. शिवाय कंपनीने तो नव्या इंजिनावर बसवला होता. आपले इंजिन पावणेदोन लाख किलोमीटर धावलेले. एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. त्यामुळे हे इंजिन असलेली प्रत्येक मारुती आता जुनी आहे.

मिस्त्रींनी तपासले ते या क्रमाने

पहिली गोष्ट, हिशेब. त्यांनी सर्व्हिसची बिले मागितली. डिक्कीतल्या पिशवीतून मी ती काढली आणि तारखेप्रमाणे लावली. एक लाख वीस हजार ते एक लाख पंचेचाळीस हजार या टप्प्यात ऑइल एकदाच बदललेले दिसले. ते लॉकडाऊनचे आणि नंतरच्या ओढाताणीचे दिवस. दहा हजारांवर बदलायचे ऑइल पंचवीस हजारांत एकदा बदलले होते. चूक आमच्या घरचीच होती.

दुसरी, इंजिनाचा दम. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळा ते अठरा पट दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. रिंगा, सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह झिजले की दाब गळतो. मिस्त्रींनी चारही सिलिंडरचा दाब मीटर लावून मोजला. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा गाठला पाहिजे आणि चौघांत फार फरक असता कामा नये. त्याआधी त्यांनी चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण उघडून पाहिले होते. तिथून धुराचे जोरदार फुत्कार आले तर इंजिन 'बॅक मारतंय' असे गॅरेजमध्ये म्हणतात. म्हणजे जळता दाब पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो आहे. अशा इंजिनावर मोठा टर्बो बसवला तर दाब आणखी वाढतो आणि राहिलेल्या रिंगाही जातात. आमच्या गाडीचे चारही आकडे चालण्यासारखे निघाले. भाचा खूश झाला.

तिसरी, ऑइलची वाट. त्यांनी इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर उतरवले. तळाला डांबरासारखा काळा थर बसला होता आणि पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती जाळी अर्धी बुजली होती. पंचवीस हजार किलोमीटरची आमची हयगय मला त्या जाळीत डोळ्यांनी दिसली. त्याच ऑइलवर टायमिंग चेनही चालते. "यावर नवा टर्बो बसवला असता तर?" मी विचारले. मिस्त्री म्हणाले, "एक पावसाळासुद्धा टिकला नसता."

चौथी, हवेची वाट. एअर फिल्टर मातीने भरला होता. मग त्यांनी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा आणि तिथून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप तपासला. दाबलेली हवा तापते. तिला थंड करणारी जाळी म्हणजे इंटरकूलर. पाइपात हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी लावले तेव्हा एका क्लॅम्पखाली बुडबुडे आले. पाइप फाटला होता. टर्बो हवा भरत होता आणि ती वाटेतच निसटत होती. भाच्याच्या 'पिकअप नाही' या तक्रारीचे मूळ तिथे होते.

पाचवी, पाणी आणि गारवा. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. आपल्या खाऱ्या हवेत रेडिएटरची पातळ पाने गंजून झडतात. आमच्या रेडिएटरच्या खालच्या भागात बोट लावले की ती गळून पडत होती. कूलंटच्या जागी किती तरी दिवस नळाचे पाणीच भरले जात होते. पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि होज पाइप हे सगळे या पायरीत येते.

सहावी, डिझेल. इंजेक्टर सारखे सोडतात का, परत जाणारे डिझेल चौघांचे सारखे आहे का, फिल्टरमध्ये पाणी साचले आहे का, आणि स्कॅनर लावल्यावर संगणक काय तक्रार सांगतो. संगणकात बदल करून जास्त डिझेल सोडायचे आणि इंजेक्टर मात्र झिजलेले, असे झाले तर काळा धूर येतो आणि पिस्टन जळू शकतो.

सातवी, ताकद चाकांपर्यंत नेणारे भाग. चढावर गाडी रेझ होते पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट घसरते आहे. आमची घसरत होती. इंजिनाचे फाउंडेशनही बसले होते.

आठवी पायरी, थांबण्याची

शेवटी मिस्त्रींनी गाडी वर घेतली आणि आम्हा दोघांना खाली बोलावले. गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे ब्रेक ऑइलचा लोखंडी पाइप जातो. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्यावरचा गंज हलकेच खरवडला. पापुद्रे पडले आणि एका जागी ओल दिसली. त्यांनी ती बोटाला लावून वास घेतला. ब्रेक ऑइल होते.

दिवेआगर, हरिहरेश्वर, काशीद, कुठेही जा. किनाऱ्यावर गाडी लावली की वाऱ्यासोबत मीठ खाली जाऊन बसते. पाहुणे आले की आपली मुले गाडी ओल्या वाळूवर घालतात. आगरदांडा-दिघी जेट्टीवर फेरीबोटीत चढवतानाही खारे पाणी उडते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वरून पत्रा चकचकीत दिसत असतो, आणि खाली ब्रेकचे पाइप, सस्पेन्शनचे जोड, चेसिसच्या कडा गंजत जातात. मैदानी शहरातली पावणेदोन लाखांची गाडी आणि आपल्या किनाऱ्यावरची तेवढीच धावलेली गाडी यांत हा फरक आहे. मीटरवरचा आकडा गंज मोजत नाही.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. परत येताना रिक्षात म्हणाला, "खाला, त्या रात्री घाटात म्हैस आडवी आली होती. दादीला सांगितलं नाही मी. ब्रेक किती जोरात मारला होता."

मीही त्यावर काही बोलले नाही.

पैसा कुठे गेला

संध्याकाळी आम्ही दुल्हाभाईंना फोन केला. भाच्याने स्वतःच सगळे सांगितले, पाइपचेही. त्यांनी एकच विचारले, "मिस्त्री काय काय बदला म्हणतात?" यादी अशी झाली: ब्रेकचे सगळे लोखंडी पाइप, पुढचे पॅड आणि मागचे लायनर, क्लचचा सेट, रेडिएटर, योग्य कूलंट, हवेचा फाटलेला पाइप, सगळे फिल्टर, इंजिनाचे फाउंडेशन, चेंबर व जाळीची सफाई, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे ऑइल, दोन टायर आणि गाडीच्या पोटाला गंजरोधक थर. जुन्या टर्बोचा दांडा हलवून पाहिला होता, त्यात दोष नव्हता. म्हणून तोच ठेवला. सत्तर हजारांतले निम्म्याहून थोडे अधिक खर्च झाले.

चार दिवसांनी गाडी मिळाली. घोणसे घाटात जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे ती तिसऱ्यावर चढली.

कायदा काय म्हणतो

हा विषय त्या मुंबईच्या गॅरेजवाल्याने काढलाच नव्हता. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तकातले वर्णन जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तो. आमच्या बाबतीत ते कुवेतला बसलेले दुल्हाभाई.

विमा हा दुसरा प्रश्न. न सांगितलेल्या बदलाच्या गाडीला अपघात झाला तर कंपनी भरपाई नाकारू शकते. मागच्या सीटवर घरचीच माणसे असतात, हे विसरू नये. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये तपासणीला उभी राहणार. तेव्हा धूर आणि इंजिन दोन्ही पाहिले जातात. म्हणून ज्याला बदल करायचाच आहे त्याने पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन विचारावे. एमएच-०६ वाल्यांचे कार्यालय पेणला आहे, एमएच-४६ वाल्यांचे पनवेलला. तोंडी आश्वासनावर जाऊ नये, लेखी घ्यावे.

टर्बो बदलावाच लागला तर

जुना टर्बो झिजतो, तेव्हा कंपनीच्याच नमुन्याचा दुसरा बसवण्यात कायद्याची अडचण नाही. शिट्टीसारखा चढता आवाज, निळा धूर, हवेच्या पाइपात साचणारे ऑइल, अचानक कमी झालेली ताकद ही त्याची लक्षणे. पण आधी फाटका पाइप आणि फिल्टर बघा, नाही तर चांगला टर्बो फेकला जाईल. बदलताना या गोष्टी मिस्त्रींकडून करून घ्या:

जुना टर्बो का गेला, हे आधी शोधा. कारण तसेच राहिले तर नवाही तसाच जाईल.

ऑइल नेणारा पाइप साफ करत बसू नका, नवाच घाला. काही इंजिनांत त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तीही पाहा. ऑइल परत आणणारी वाट मोकळी हवी.

इंटरकूलर उतरवून आतले ऑइल आणि जुन्या चक्राचे तुकडे काढा. एक तुकडा राहिला तरी तो थेट इंजिनात जातो.

गाडी चालू करण्यापूर्वी टर्बोच्या तोंडात स्वच्छ ऑइल घाला, इंजिन पेटू न देता काही वेळ स्टार्टरने फिरवा. मग काही मिनिटे नुसते चालू ठेवा, रेझ करू नका.

पहिले हजार किलोमीटर गाडी जपून चालवा आणि मग ऑइल-फिल्टर पुन्हा बदला. पुढे दहा हजारांऐवजी सात-आठ हजारांवर बदलत राहा. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका. मिनिट-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवले की टर्बो ऑइलवर थंड होतो.

ज्यांची साधी पेट्रोल गाडी आहे आणि तिला टर्बोचे किट बसवायचा विचार आहे, त्यांच्यासाठी एक शब्द. ते इंजिन दाबलेल्या हवेसाठी बनवलेले नसते. जास्त दाबाने पेट्रोल वेळेआधी पेटते, इंजिनात ठोके पडतात आणि पिस्टन फुटू शकतात. ते टाळायला पिस्टन, पेट्रोल पंप, इंजेक्टर, संगणक सगळे बदलावे लागते. त्या खर्चात आणि कायद्याच्या घोरात पडण्यापेक्षा कंपनीनेच टर्बो दिलेली चांगली सेकंड हँड गाडी घेणे परवडते.

भाच्याची टर्बोची हौस गेलेली नाही. मोबाइलवर तो अजून ते व्हिडिओ पाहतो आणि मला पाठवतोही. हौस असू दे, वय आहे. मात्र आता डॅशबोर्डच्या कोपऱ्यात त्याने पांढरा कागद चिकटवला आहे. त्यावर त्याच्या अक्षरात लिहिले आहे: 'ऑइल १,८६,००० वर. पावसाळा संपला की पोट धुवायचे. ब्रेक पाइप दर ईदला बघायचे.'

'पोट' च्या पुढे 'गाडीचे' असे त्याच्या दादीने पेनाने घालायला लावले आहे.